बियाण्याची तीट

राजूबाईच्या हाताला गुण आहे, असं आमच्या गावात सगळे म्हणत. गाव ठाणाकुशनूरपासून थोडं आत, काळ्या रानाच्या मधोमध. माझे यजमान भगवानराव निजाम सरकारच्या शेती खात्यात नोकरीला होते. लोक त्या खात्याला जराअत म्हणत आणि ह्यांना जराअतवाले साहेब. बदली होऊन आम्ही गावात आलो, तेव्हा राजूबाईच्या ओसरीला लागून असलेल्या दोन खोल्या आम्हाला राहायला मिळाल्या. मी सिकंदराबादेत कॉन्व्हेंटात शिकलेली, ज्वारीचं हिरवं ताट आणि मक्याचं ताट यातला फरकही मला कळत नव्हता. तो राजूबाईनं शिकवला, आणि शिकवताना यथेच्छ हसूनही घेतलं.

उंच, सडसडीत बाई. बोलण्याला धार. नवरा राघोबा तिच्यापुढं हुं की चूं करत नसे. "हिच्या तोंडापुढं माझा टिकाव कुठला? मी आपला बैलासंगं बोलतो," असं तो सगळ्यांदेखत सांगे, आणि तीही हसे.

बियाणं धरावं ते तिनंच. ज्वारी हुरड्यातून पुढं गेली की ती रानात एकटी हिंडायची. भरदार कणीस दिसलं की ताटाला चिंधी बांधायची. ती कणसं वेगळी खुडायची, खळ्यावर न नेता घरीच धाबळीवर हातानं बडवायची. मग राख, कडुलिंबाचा पाला, आणि गाडग्यांची उतरंड. घट बसायच्या आधी, रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर गावातल्या बायका तिच्या दारी येत. प्रत्येकीला ती एक मूठ बी देई. बायका ती मूठ घरच्या सगळ्या बियाण्यात कालवत, दुधाला विरजण लावावं तशी. राजूअक्काची मूठ पडली की रान लागतं, असा विश्वास होता. चिंताकीहून, तिच्या माहेराहूनसुद्धा माणसं मुठीसाठी येत.

मूठ देताना ती आतल्या खोलीत जाई आणि दार लोटून घेई. आत ती काय करते ते कुणी विचारत नसे. आज मला लिहिता येतं ते तिनं स्वतः पुढं सर्वांसमोर सांगितलं म्हणून. त्या खोलीच्या कोनाड्यात फडक्यात गुंडाळलेलं एक काणीचं कणीस असे. ज्वारीला काणी पडली की दाण्याच्या जागी राखी रंगाची लहानशी पिशवी तयार होते आणि तिच्या पोटात काळी पूड भरते, काजळासारखी. राजूबाई त्या पुडीत बोट बुडवी आणि द्यायच्या मुठीवर ते बोट फिरवी. सासूनं मरताना दाखवून दिलेली रीत. लेकराला तीट लावतात तशी बियाला तीट. दुसऱ्याच्या दारी चाललेल्या बियाला वाटेत कुणाची नजर लागू नये म्हणून. ते कुणी बघू नये, बघितलं तर गुण जातो, असंही सासूनं सांगितलं होतं. ही रीत मी दुसऱ्या कुठल्या घरात ऐकली नाही.

आम्ही गेलो त्याआधी काही वर्षांपासून गावाच्या रानात काणी वाढत चालली होती. आधी कुठं एखादं कणीस, मग ओळीत चार-दोन, मग धुऱ्यावर, रानाच्या बांधावर, उभं राहिलं तरी काळं दिसावं इतकी. राजूबाईचं रान मात्र स्वच्छ. त्यामुळं तिच्या हाताचा लौकिक आणखी वाढला, आणि मुठीला गर्दीही.

आम्ही आलो त्या माघातली गोष्ट. विहिरीवर बायका पाणी भरायला आल्या होत्या, मीही घागर घेऊन उभी होते. शेजारची नागूबाई दोर ओढता ओढता म्हणाली, "कुठून येती गं ही काळी? माझ्या मालकानं खळं केलं तर मानसं कोळसं इकल्यावानी दिसायलीत!"

राजूबाई लगेच म्हणाली, "येती कुठून म्हंजे? जिथं मेंढरं बसली तिथं काणी पडली, बघ ध्यान दिऊन. माझ्या रानात मी घरचं शेणखत टाकते, मेंढरं बसवत न्हाई. काळ्या घोंगड्याची मानसं, काळंच आणतील, न्हाई तर काय चांदी आणतील?"

बायका खळखळून हसल्या. मलाही हसू आलं. गावकुसाबाहेर धनगरांची चार घरं होती. रान मोकळं झालं की त्यांचे कळप रात्री शेतात बसवायचे, लेंड्यांचं खत व्हायचं, आणि बदल्यात शेतकरी त्यांना ज्वारी द्यायचा. वर्षाची भाकरी त्यावर. त्यातल्या सिद्धव्वाचा कळप सगळ्यात मोठा. तिचा मुलगा लिंगाप्पा मेंढरं वळी.

राजूबाईनं ते चेष्टेत म्हटलं असावं, पण बोललेलं विहिरीवर राहिलं नाही. बघावं तर खरंही वाटत होतं, कारण कळप बसलेल्या सगळ्या रानांत काणी होती आणि न बसलेलं रान एकच, तेच स्वच्छ होतं. त्या उन्हाळ्यात उद्धवराव पाटलांनी धनगरांना सांगून टाकलं, यंदा मेंढरं बसवायची नाहीत. लिंगाप्पा कळप घेऊन आळंदकडं, कडगंचीच्या बाजूला निघून गेला. सिद्धव्वा पोटुशी असलेल्या सुनेजवळ मागं राहिली. एकदा ती राजूबाईकडं आली. ओसरीखाली उभी राहून म्हणाली, "अक्का, तुज्या शब्दाला गावात वजन हाय. पाटलाला बोल की."

"म्या काय बोलू? पाटील बाईचं ऐकतोय व्हय?"

सिद्धव्वा आल्या वाटेनं परत गेली. त्या श्रावणात सुनेला मूल झालं ते जगलं नाही. पोटाला नव्हतं, सुनेच्या अंगात काही उरलं नव्हतं, असं सुईण म्हणाली.

त्याच श्रावणात मी राजूबाईला एक गंमत दाखवली. परसातल्या लाकडाच्या ढिगावर भुईछत्र्या उगवल्या होत्या. शाळेत एका सिस्टरनं आम्हाला शिकवलं होतं, तसं मी एका छत्रीचा दांडा काढला, टोपी कागदावर पालथी ठेवली आणि वर वाटी झाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी उचलली, टोपी उचलली, तर कागदावर तपकिरी धुळीची नक्षी उमटलेली. टोपीच्या आतल्या प्रत्येक पापुद्र्याची रेघ जशीच्या तशी.

"अगं बया," राजूबाई म्हणाली, "रांगोळी काढली की हिनं! कशाची धूळ म्हणायची ही?"

मी सांगितलं, धूळ नाही, हे तिचं बी. झाडासारखं फूल-फळ तिला येत नाही. ही पूड वाऱ्यावर उडते, ओल मिळेल तिथं रुजते. एकेक कण इतका बारीक, की डोळ्याला दिसायचाच नाही. आता शाळेच्या पुस्तकात त्याला बीजाणू म्हणतात. तेव्हा मला मराठी शब्द ठाऊक नव्हता, म्हणून मी बीच म्हटलं. राजूबाईनं कागदावर हलकेच फुंकर मारली. नक्षी विसकटली. "झालं," ती म्हणाली, "आता माज्या घरात छत्र्याच छत्र्या." दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हे सांगत होती.

घट बसायला आले. मुठी वाटून झाल्या. त्यानंतर ह्यांनी पाटलांच्या मळ्यात दोन वाफे पेरून दाखवायचं ठरवलं, काणी कशी पसरते ते लोकांना कळावं म्हणून. पुरुष थोडे आले, बायकाच जास्त जमल्या. ह्यांनी एका पाटीत निरोगी ज्वारी घेतली, काणीची कणसं हातात चुरली आणि काळी पूड त्या ज्वारीला चोळायला सुरुवात केली.

"साहेब," नागूबाई ओरडली, "चांगल्या बियाला काळं कामून फासायलाव ओ?"

"मुद्दाम. आता ही ज्वारी ह्या वाफ्यात. आणि त्या वाफ्यात हीच ज्वारी, पण गंधक चोळून. निसवली, कणसं बाहेर पडली की बघा. ही पूड म्हणजे काणीचं बी आहे. खळ्यावर पिशव्या फुटतात आणि ही चांगल्या दाण्याला चिकटते. आपण दाणा पेरतो, त्याच्याबरोबर ही पण पेरली जाते. दोन्ही एकदमच उगवतात. मग ही कोंबात शिरते आणि ताटाच्या आतून वर चढते. वरून काही दिसत नाही. ताट हिरवंगार. कणीस बाहेर पडलं की कळतं, दाण्याऐवजी हीच भरलीय."

मी राजूबाईकडं पाहिलं. हे सगळं तिला माझ्या आधी कळेल असं मला वाटलं होतं, कारण भुईछत्रीची रांगोळी तिनं पाहिली होती. तिचा चेहरा उतरला होता. उजवा हात तिनं पदराखाली घेतला.

"साहेब," तिनं विचारलं, आवाज तिचा वाटत नव्हता, "थोडीच लावली तर? बोटभर?"

"बोटभर पुडीत अख्ख्या गावाला पुरेल एवढं बी असतं, राजूबाई."

"आन घरच्या बियात ती मूठ कालवली तर?"

"मग काय, जितकं कालवाल तितकं चिकटेल."

ती जेवायला घरी गेली नाही. थेट नागूबाईकडं गेली. तिथं काय झालं ते नागूबाईनं संध्याकाळी मला हसत हसत सांगितलं. राजूअक्का मूठ परत मागायला आली होती, बी जुनं निघालं म्हणाली. "म्या म्हणलं, अक्का, इरजण लावलेल्या दुधातनं इरजण परत काढू व्हय? मंग म्हणती, गंधक चोळ. तुमी पढवलं काय ओ तिला? तिच्या मुठीवर गंधक! अंगाऱ्यावर चुना टाकल्यावानी!"

राजूबाई त्या आठवड्यात घरोघर हिंडली. गंधक चोळा, गंधक चोळा. कुणी ऐकलं नाही. तिच्याच हाताचं बी असताना गंधक कशाला, असंच जो तो म्हणे. खरं कारण सांगितल्याशिवाय कुणी ऐकणार नव्हतं, आणि ते सांगणं तिच्यानं झालं नाही. पेरण्या झाल्या.

पुढचे महिने ती बोलायची कमी झाली. सिद्धव्वाच्या घरावरून जाणारी वाट तिनं सोडली आणि ओढ्याकडून वळसा घालून रानात जाऊ लागली. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. एकदा ती भाकरी थापताना उजव्या हाताचं बोट पुन्हा पुन्हा बघत होती. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "काय न्हाई, चटका बसलाय." बोट धडधाकट होतं.

मार्गशीर्षाची अमावस्या आमच्याकडं येळवस. त्या दिवशी गावात चूल पेटत नाही म्हटलं तरी चालेल, सगळं गाव रानात. कडब्याची कोप बांधायची, पाच दगड मांडून पूजा करायची, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन पिकाभोवती शिंपडत फिरायचं, मग भज्जी, म्हणजे सगळ्या शेंगा-भाज्यांची मिसळ, आणि भाकरी खायला येईल त्याला बसवायचं. त्या साली उद्धवराव पाटलांनी सगळ्यांना आपल्या मळ्यात बोलावलं होतं, साहेबांचे वाफे बघायला म्हणून.

वाफे बोलत होते. गंधकाचा वाफा पांढऱ्या टपोऱ्या कणसांचा. दुसरा पुरता काळवंडलेला, हात लावला की बोटं काळी. आणि भोवतालच्या सगळ्या रानांत, ज्यानं त्यानं आपल्या घरचं पेरलेल्या, तेच काळं कमी-जास्त. राजूबाईचं रान तेवढं स्वच्छ.

पाटील म्हणाले, "साहेबाचं गंधक आन राजूअक्काचा हात, दोनीचा गुण सारखाच म्हणायचा!"

लोक हसले. तेवढ्यात सिद्धव्वा आली. कोपीच्या बाहेर उन्हात उभी राहिली.

"ये, आधी जेव," पाटील म्हणाले.

"जेवाया न्हाई आले, मालक. लिंग्या इचारायलाय, ह्या उन्हाळ्यात मेंढरं बसू देताव का न्हाई. न्हाई म्हणत असलाव तर घर मोडतो आन तिकडंच जातो समदी."

नागूबाई ताटावरून म्हणाली, "बसवा की ओ. पुढल्या साली भाकरीबी काळीच खाऊ."

पुन्हा हशा. भगवानराव म्हणाले, "मेंढरांचा ह्यात काही संबंध नाही. हे बियाण्यातून येतं. तुमच्या डोळ्यांसमोर दाखवलं मी."

"साहेब," पाटलांनी शांतपणे विचारलं, "बी तर समद्यांच्या घरात राजूअक्काच्या मुठीचं हाय. तिच्या बियात खोट हाय म्हणताव व्हय? मंग तिचं रान कसं सोच्छ?"

भगवानराव खरंच गोंधळले. सगळे राजूबाईकडं बघू लागले, तिनं साहेबांना चांगला टोला हाणावा म्हणून. ती भज्जी वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं.

"बियात खोट न्हाई," ती म्हणाली. "माज्या बोटात हाय."

कुणाला काही कळलं नाही. मग तिनं सांगितलं. कोनाडा, फडकं, सासू, तीट. उभ्यानंच सांगितलं, कुणाकडं न बघता, त्या काळ्या वाफ्याकडं बघून.

"तीट?" नागूबाई म्हणाली. "बियाला?" ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. "आन तुज्या घरच्या बियाला कामून न्हाई लावलीस गं?"

"घरच्या बियाला घरात कोन नजर लावणार? दिल्या बियालाच..."

"वा गं वा. तुजं पांढरं आन आमचं काळं!"

राजूबाईनं मान वर केली. हे तिच्या मनात आलंच नव्हतं, असं मला तिच्या तोंडाकडं बघून वाटलं. आपण कबूल केलं तर लोक मूर्ख म्हणतील, एवढीच तिची भीती असावी. जाणून केलं असं कुणी म्हणेल, हे तिला सुचलंही नव्हतं. राघोबा ताटावरून उठला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

मग ती सिद्धव्वाकडं वळली. "ते काळ्या घोंगड्याचं बोलले न्हवं, तेबी माज्याच तोंडचं. हिरीवर बोलले म्या."

"ठावं हाय," सिद्धव्वा म्हणाली. "मी मागंच हुते, घागर घिऊन."

म्हणजे त्या दिवशी ती ओसरीखाली येऊन उभी राहिली, राजूबाईला म्हणाली पाटलाला बोल, तेव्हाही तिला ठाऊक होतं. राजूबाईला ते सगळं त्या क्षणी कळलं. ती खाली बसली. पदर तोंडावर ओढला. येळवशीच्या दिवशी रानात कुणी रडू नये म्हणतात. ती रडली नाही.

पाटील म्हणाले, "बसू द्या मेंढरं." सिद्धव्वानं मान डोलावली. निघताना ती एवढंच म्हणाली, "अक्का, बोललीस ते बरं केलंस. पर पोरीच्या पोटात हुतं तवा बोलली असतीस तर..."

तेव्हा राजूबाईला काणीचं ठाऊकच नव्हतं, हे मला सांगावंसं वाटलं. पण विहिरीवरचं बोलणं तर तिला ठाऊक होतं. ते एक शब्द टाकून मागं घेता आलं असतं. त्या दिवशीच्या माझ्या डायरीत इतकंच आहे: येळवस. ऊन चांगलं. भज्जी उरली. राजूबाई बोलली.

पुढल्या पेरणीला लोकांनी गंधक नेलं. आमच्या खोलीसमोर रांग लागली आणि राजूबाईचं दार लोटलेलं. काणी गेली, दोन हंगामांत जवळजवळ दिसेनाशी झाली. मेंढरं पुन्हा रानात बसू लागली. राजूबाईला कुणी वाईट बोललं असं नाही, नागूबाई तर महिन्याभरात पूर्वीसारखी हसायला लागली. पण राजूबाई बायका गेल्यावर विहिरीवर जाई. हळदीकुंकवाला बोलावलं तर घरात काम निघे. उतरंडीतली गाडगी तिनं खाली काढून पालथी घातली. राघोबा मला एकदा म्हणाला, "बाईसाब, तिला जरा भांडायला लावा ओ. घरात कुनी मेल्यावानी वाटायलंय."

मला पहिलं मूल झालं तेव्हा बारशाला मी तिलाच तीट लावायला सांगितलं. तिनं हात मागं घेतला आणि म्हणाली, "नागूबाई लाविल." नागूबाईनं लावली.

लिंगाप्पाला पुन्हा मूल झालं, मुलगी. ती चांगली अंग धरू लागल्यावर एके सकाळी सिद्धव्वा तिला घोंगडीच्या झोळीत घेऊन आली. या वेळी ओसरीखाली थांबली नाही. वर येऊन बसली. कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढून पुढं केली.

"लाव."

"मी न्हाई लावत आता कुनाला."

"कामून?"

"ठावं हाय की तुला."

"लेकराला काणी लागत न्हाई, अक्का. साहेबाला इचारून आलेय."

हे खरं होतं. तिनं त्याच सकाळी ह्यांना गाठून अगदी गंभीरपणे विचारलं होतं, आणि ह्यांनीही तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं होतं.

राजूबाईनं डबी जवळ ओढली. मग तिनं उजवा हात नव्हे, डाव्या हाताची करंगळी बुडवली आणि पोरीच्या गालावर अगदी लहान ठिपका उमटवला. मोहरीएवढा. पोर हसली. राजूबाई उठली, मोरीत गेली आणि राख घेऊन हात चोळू लागली. एक हात, मग दुसरा, ज्याला काजळ लागलंही नव्हतं तो. पाणी ओतल्याचा आवाज ऐकू येई, थांबे, पुन्हा येई. झोळीत पोर कुरकुरू लागली, उन्हाची तिरीप ओसरीवर सरकत आली. सिद्धव्वा उठली नाही. राजूबाईचे हात धुऊन होईपर्यंत ती तिथंच बसून राहिली.